जुन्या कॉर्व्हेटच्या गिअरबॉक्ससाठी जादा कूलर
माझ्या 1989 च्या ऑटोमॅटिक कॉर्व्हेट या शेवरोलेच्या स्पोर्ट्स कारमध्ये गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या टाकीतच थंड होते. परंतु तेथील पाणीच 90 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असल्याने तेल त्याहून थंड होणे शक्य नसते. म्हणून रेडिएटरमधून परतणाऱ्या नळीवर मी जादा कूलर, म्हणजे हवेच्या झोताने तेल थंड करणारा छोटा रेडिएटर, जोडला. खरा प्रश्न जागेचा होता. ही गाडी हवा मुख्यतः बंपरखालून घेते, त्यामुळे एसीच्या कंडेन्सरपुढे (एसीचा वायू थंड करणाऱ्या जाळीपुढे), पण खालून येणारा झोत अडणार नाही अशा बेताने, स्वतंत्र ब्रॅकेटवर तो बसवावा लागला. कंडेन्सरमधून प्लास्टिकचे बंद ओवून कूलर टांगण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही, कारण कंपनांनी घासून कंडेन्सर फुटू शकतो. रबरी नळीही गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेली हवी. शेवटी कूलरमध्ये मावेल तेवढे तेल वाढवून, इंजिन चालू ठेवून पातळी पुन्हा तपासली.