शाळेच्या एका पत्रासाठी

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र काढायचं म्हटलं की जो तो सरकारी रुग्णालयाच्या रांगेची भीती घालतो. आमचं घोडं अडलं ते शाळेत, एका पत्रापाशी. आठवलं की अजून डोकं तापतं. ज्यांचं मूल सातवी-आठवीत आहे त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितेय.

धाकटा तेव्हा आठवीत होता. तोंडी विचारलं तर इतिहासाचा अख्खा धडा सांगायचा. पुस्तक हातात दिलं की ‘भरत’चा ‘मरत’ व्हायचा, ‘घ’ आणि ‘ध’ अदलाबदल व्हायचे. रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा हे ठरेना. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ काढायचा, कारण कानाला तोच आधी ऐकू येतो, आणि मग वेलांटीसाठी मागे जागा शोधायचा. जोडाक्षर आलं की वाचन तिथेच थांबायचं, पुढचं सगळं अंदाजपंचे. खासगी समुपदेशक बाईंनी डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन अडवणाऱ्या अध्ययन अक्षमतेची, शक्यता सांगितली, पण हेही बजावलं की दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी (जादा वेळ, लेखनिक) त्यांचा अहवाल चालणार नाही, शासनाने नेमून दिलेल्या रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागेल.

रुग्णालयाने बोनाफाईड, मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि वर्गशिक्षकांच्या निरीक्षणासह शाळेचं पत्र मागितलं. पहिले दोन कागद लगेच मिळाले.

पत्राचं नाव काढलं की मुख्याध्यापक म्हणायचे, “अहो ताई, मुलगा हुशार आहे, नुसता आळस आहे. खेळणं बंद करा, बघा कसा वाचतो.” लिपिक म्हणाले, असा नमुना आमच्याकडे नाही, रुग्णालयातून आणा. रुग्णालयात म्हणाले, नमुना कशाला हवा, शाळेच्या लेटरहेडवर लिहून द्या. परत शाळेत गेले तर सर मीटिंगला. मग परीक्षा, मग स्नेहसंमेलन. अखेर पत्र हातात पडलं त्यात एकच ओळ: “सदर विद्यार्थी अभ्यासात कच्चा असून त्याचे वर्गात लक्ष नसते.” रुग्णालयाने ते परत केलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. कच्चा तर कोणीही असू शकतो. वाचताना, लिहिताना, गणित करताना नेमकं काय चुकतं हे त्यांना हवं होतं. दुसरं पत्र मागितल्यावर मुख्याध्यापक चिडले. “उद्या सगळेच पालक असं मागायला लागतील. शाळेचं नाव काय राहील?”

त्या रात्री मी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 काढून वाचला. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्या कायद्याच्या यादीत आहे. त्याच्या कलम 16 मध्ये सरकारमान्य आणि अनुदानित शाळांनी अशी मुलं लवकरात लवकर ओळखून त्यांच्यासाठी योग्य ते उपाय करावेत असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे मी उपकार मागत नव्हते, ते शाळेचंच काम होतं. दुसऱ्या दिवशी कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलले नाही. तोंडी विनंत्यांना जी उत्तरं मिळत होती ती त्या शिक्क्यानंतर बंद झाली. तुम्हीही पहिल्या दिवसापासून लेखीच द्या.

पत्र खऱ्या अर्थाने लिहिलं ते मराठीच्या बाईंनी. फळ्यावरून उतरवताना काना-मात्रा गळतात, ओळ सुटते, उत्तर तोंडी बरोबर आणि कागदावर अर्धवट असतं, असं सगळं उदाहरणांसकट त्यांनी पानभर लिहिलं आणि मुख्याध्यापकांची सही स्वतः जाऊन आणली. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

पुढचं सगळं सुरळीत झालं. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण दोष तिथे नाही याची खात्री करावी लागते. मग बुद्ध्यंक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. वेगवेगळ्या तारखा मिळतात, तेवढी तयारी ठेवा. मूल मराठी माध्यमाचं असेल तर चाचणी मराठीत होणार का, हे तारीख घेतानाच विचारा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. इंग्रजी उतारा वाचता आला नाही म्हणून मराठी माध्यमाच्या मुलाचं निदान होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

एक राहिलंच. वह्या रद्दीत देऊ नका. स्वच्छ उतरवलेली वही फारशी उपयोगी नसते, रफ वही न्या. आमच्याकडे तपासणाऱ्या बाई सगळ्यात जास्त वेळ त्याची गणिताची रफ वही बघत होत्या.

वयाचंही लक्षात घ्या. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून पुढे, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, असं होतं. तिसरीत मिळालं म्हणून निर्धास्त राहू नका.

प्रमाणपत्र आलं तेव्हा मला रडू आलं. धाकट्याने विचारलं, “म्हणजे मी ढ नाही ना?” बुद्ध्यंकाचा आकडा मी त्याला दाखवला.

पण कागद घरात ठेवून सवलत मिळत नाही. शाळेने विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, तेव्हा नववीतच मागे लागा. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेणार असाल तर तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि त्याच्याबरोबर घरी आधीपासून सराव हवा. उत्तर मनात तयार असणं वेगळं आणि दुसऱ्याला लिहिता येईल अशा बेताने सांगणं वेगळं. धाकटा आता नववीत आहे. प्रस्तावाचा अर्ज मी या आठवड्यात दिला, पोच घेऊन.