युमाचं लेट्यूस

आज युमाला जाऊन आलो, अ‍ॅरिझोनाचं पार नैऋत्य टोक, वर्षाला जेमतेम ३ इंच पाऊस आणि तिथे नजर जाईल तिथवर लेट्यूसच लेट्यूस! थंडीत अख्ख्या अमेरिकेची जवळपास ९० टक्के पालेभाजी इथून जाते, तीही कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर. मेक्सिकोतले मजूर पहाटे अंधारातच सॅन लुईसची बॉर्डर ओलांडून येतात, वाकून वाकून कापणी करतात, माल वावरातच पॅक होतो. पण नदी आटली की मध्य अ‍ॅरिझोनात आधी पाणी तुटतं शेतकऱ्याचंच, २०२२ मध्ये तिथल्या पिनाल काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) तेच झालं, जमिनी पडीक राहिल्या, इकडे फिनिक्सभोवती नवीन घरं मात्र चालूच. मला हे अजिबात पटत नाही.