रुजू होण्याचा पहिला दिवस

आज विभागात नवे सहायक प्राध्यापक रुजू झाले. फार बरं वाटलं. त्यांच्यासाठी या काही सूचना.

माहितीच्या अर्जात संशोधनाचा विषय नुसता 'पर्यावरण' लिहू नका. 'विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड' असं नेमकं लिहा, पीएचडीचे विद्यार्थी त्यावरूनच शोधत येतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पीएचडीचा गाइड व्हायला पीएचडी आणि किमान ३ शोधनिबंध लागतात. एका वेळी जास्तीत जास्त ४ विद्यार्थी (परदेशी वेगळे). गाइड म्हणून मान्यतेचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, आजच काढा, फुकट आहे. आणि विद्यापीठाचं नाव प्रत्येक निबंधात एकाच स्पेलिंगने! नाहीतर स्कोपसवर (शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसवर) एकाच माणसाची दोन प्रोफाइलं होऊ शकतात, सायटेशन (आपल्या निबंधांचे इतरांनी दिलेले संदर्भ) विभागली जातात, आणि ती एकत्र करायची विनंती आपल्यालाच पाठवावी लागते.