रापण सिरीज: निळा उडाला आणि हिरड्याने हात दिला

मागच्या वेळी मी रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं) सिरीजच्या सहाही फळ्यांचे फोटो टाकले होते, प्लायवर चुन्याचा गिलावा आणि त्यावर चिकटवलेले सायनोटाइप, म्हणजे लोखंडाच्या क्षारांनी कागदावर उन्हात काढलेले निळे छाप, आणि तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत की दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. त्यातल्या चार फळ्या आता तशा राहिलेल्या नाहीत. नवव्या दिवशी सकाळी पडवीत गेले तर तीन नंबरच्या फळीवर, तीच ती, दोर ओढणारी पाठमोरी माणसं, उजवीकडच्या चौघांच्या पाठी पिवळट पडलेल्या. फिका निळा वगैरेसुद्धा नाही, निळा साफ गायब, आणि जुन्या वर्तमानपत्रासारखा एक मळका पिवळा तिथे उरलेला. मी चहा तसाच ठेवून खाली बसले. हे फोटो डिसेंबरातले आहेत, पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर जाऊन काढलेले, ती रापण त्या दिवशी बांगड्यांनी भरून आली होती आणि तसा उजेड मला परत मिळालेला नाही.

निगेटिव्ह सेफ आहेत, त्यामुळे छाप परत काढता येतील. पण का उडालं ते कळल्याशिवाय परत काढून उपयोग काय, म्हणून पुढचे अकरा दिवस फक्त शोध घेतला.

पहिला संशय उन्हावर. पडवीत तीननंतर तिरकं ऊन येतं. पण आपल्याला माहितीये, उन्हाने फिका पडलेला सायनोटाइप अंधारात ठेवला की हवेतला ऑक्सिजन घेऊन परत भरतो. म्हणून एक सुटी पट्टी मुद्दाम पत्र्यावर चार दिवस तापवली, फिकी झाली, मग ती पट्टी आणि तीन नंबरची फळी दोन्ही कपाटात बंद केल्या. चौथ्या दिवशी पट्टी जवळजवळ पहिल्यासारखी निळी आणि फळी जशीच्या तशी पिवळी. ऊन निर्दोष सुटलं.

दुसरा संशय विहिरीच्या पाण्यावर, कारण वॉश सगळा त्याच पाण्यात होतो. भाचा कोळंबीच्या तळ्यावर कामाला आहे, त्याच्याकडून पीएचच्या पट्ट्या आणल्या. आमचं पाणी साडेसहाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल निघालं, जांभ्यातलं पाणी, निळ्याला उलट मानवणारं. आणि पहिल्या पाण्यात मी चिमूटभर लिंबूसत्व टाकतेच.

मग खळ. मी गव्हाची खळ वापरते आणि कीड लागू नये म्हणून त्यात किंचित मोरचूद घालते, बाइंडिंगवाले घालायचे तसं. मला जवळजवळ खात्री झाली होती की मोरचुदातलं तांबं काहीतरी करतंय. काचेवर सहा पट्ट्या लावल्या, तीन मोरचूदवाल्या, तीन बिनमोरचुदाच्या, आठवडाभर ठेवल्या. सहाच्या सहा निळ्या.

हे सगळं चालू असताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने १८४३ पासून समुद्री शेवाळाचे जे छाप काढले ते आजही निळे आहेत, शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या याच पद्धतीचे. माझे नऊ दिवसांत जातात म्हणजे चूक प्रोसेसमध्ये नाही, मी त्यात जे वरून आणलंय त्यात आहे.

शेवटी मॅक्रो लेन्स लावून त्या फळीचा इंच न इंच बघितला. पिवळ्याची कड सरळ नव्हती, थापीच्या फटकाऱ्यासारखी वळत होती. म्हणजे गिलावा जिथे जाड तिथे निळा गेलेला, आणि कडेला प्लाय जवळजवळ उघडा दिसतो तिथे निळा शाबूत. आई शेजारी पान लावत बसली होती, तिला दाखवलं तर ती म्हणाली, अगं चुना आहे तो, हळदीचं कुंकू करतो, तुझ्या निळ्याला सोडेल होय?

लगेच हळद कालवून गिलाव्याच्या उरलेल्या तुकड्यावर फिरवली. लालभडक. तीच हळद मागच्या जुन्या चुन्याच्या भिंतीवर लावली तर पिवळीच राहिली, फार तर केशरी झाक. माझा गिलावा हाताला कोरडा लागत होता म्हणून मी तो तयार झाला असं धरून चालले होते. पण चुना सुकणं वेगळं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन परत दगड होणं वेगळं, त्याला कित्येक आठवडे, जाड थर असेल तर महिने लागतात. तोवर तो कडक अल्कली, आणि वर मी ओली खळ लावून त्याला वर चढायला वाटच करून दिली. सायनोटाइपचा निळा, म्हणजे प्रशियन ब्लू, आम्ल सोसतो, अल्कली अजिबात सोसत नाही. ज्या कुणी चुन्यावर, सिमेंटवर किंवा ताज्या पुट्टीवर छाप चिकटवणार असाल त्यांनी आधी हळद लावून बघा, दोन रुपयांची टेस्ट आहे.

आता खरी गोष्ट. मी या फळ्या खरवडायला घेणार होते. खरवडणी हातात होती. आणि मग सुचलं की निळा तुटला म्हणजे लोखंड कुठे गेलं? कुठेच नाही! पिवळा जो दिसतोय तोच लोखंडाचा हायड्रॉक्साइड आहे, कागदात जिथल्या तिथे बसलेला, म्हणजे त्या चार माणसांच्या पाठी अजून तिथे आहेत. आणि लोखंडाला टॅनिन (साली-पानांतला तुरट घटक) मिळालं की ते काळपट होतं, हे आपण चहाच्या टोनिंगमध्ये, म्हणजे छाप चहात बुडवून रंग बदलताना, बघतोच.

चहा होता घरात, पण चहाने मला नेहमी गढूळ तपकिरी मिळतो आणि पांढरे भाग मळतात. म्हणून सावंतवाडीला काष्ठौषधीच्या दुकानातून पाव किलो हिरडा आणला. मोठा हिरडा घ्या, बाळहिरडा महाग पडतो. बिया काढून साल जाडसर कुटली, ५० ग्रॅमला एक लिटर पाणी, वीस मिनिटं मंद उकळलं आणि जुन्या पंचातून दोनदा गाळलं. स्टीलचंच भांडं घ्या, लोखंडी कढईत उकळलंत तर काढा तिथेच काळा होईल. ब्रशलासुद्धा लोखंडी पट्टी नको, माझ्या ज्या ब्रशने काळे ठिपके पडले होते तो आता बाद, बांबूच्या मुठीचा बकरीच्या केसांचा चपटा ब्रश यासाठी सगळ्यात भारी.

पहिला हात फिरवला तो सगळ्यात उजवीकडच्या माणसावर. दहा सेकंद काहीच नाही. मग खांद्याच्या कडेला एक राखाडी रेघ उमटली, ती खाली उतरत गेली, शर्टाची चुणी आली, कमरेला गुंडाळलेला टॉवेल आला आणि मनगटाजवळ दोराचा पीळसुद्धा आला, एकेक धागा मोजता येईल असा. दोनेक मिनिटांत तो पूर्ण माणूस उभा होता, तपकिरीकडे झुकणाऱ्या काळ्यात. मी आईला हाक मारली, ती आली आणि काही न बोलता माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. इतक्या वर्षांत मला डार्करूममध्येसुद्धा असं वाटलेलं नाही.

शेजारचे तात्या संध्याकाळी आले, ते आयुष्यभर रापणीवर होते. फळी बघून म्हणाले, "हो रंग जाळ्याचो." मग त्यांनी सांगितलं, "सुताची जाळी होती तेव्हा सालीच्या काढ्यात बुडवूची लागत गो, नायतर कुसान जायत." (कुजून जातील.) म्हणजे तेही टॅनिनच, नायलॉन यायच्या आधीचं. मी रापणीची सिरीज करतेय आणि मला हे माहीत नव्हतं, आता ते कामातच आलं आहे.

त्रुटी आहेत. सुक्या पांढऱ्या भागावर काढा गेला की मलईसारखा डाग राहतो. काढा तिप्पट पाणी घालून पातळ केला, कागद आधी भिजवून घेतला आणि नंतर अर्धा तास धुतला तर डाग बराच कमी. उरलेला निळाही काढ्याने थोडा गडद होतो, तो मला आवडतोय.

पुण्याच्या हातकागद संस्थेचा कॉटन कागद यात फारच चांगला टिकतोय, तासभर पाण्यात राहूनही तंतू सुटत नाहीत. ट्रान्सपरन्सी (निगेटिव्ह छापायच्या पारदर्शक शीट) मात्र यावेळी ऑनलाइन मागवल्या त्या चिकट निघाल्या, दमट हवेत शाई सुकतच नाही, दहातल्या चार फेकल्या, विक्रेता दाद देत नाही. परत कुडाळच्या दुकानातूनच घेणार, दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि आंब्याच्या पेटीचं कोटिंग खोकं, आतून काळा कागद आणि तळाला सिलिका जेल, ते झकास चाललंय. कोट केलेले कागद रात्रभरात खडखडीत होतात आणि पांढरे भाग पहिल्यांदाच स्वच्छ आलेत. एक्स्पोजर सध्या भर दुपारी ९ मिनिटं, डिसेंबरात सकाळी २५ लागायची.

प्लॅन असा होता की गिलाव्यावर अ‍ॅक्रिलिकचे दोन हात मारायचे आणि मग चिकटवायचं. हे लिहायला बसले तेव्हाही तोच होता. पण मधेच वाटलं, चुना जर निळा काढतोच तर त्याला ब्रशसारखं का वापरू नये? चुन्याची निवळी (वर राहणारं नितळ पाणी) करायची आणि पाहिजे तिथेच निळा काढायचा, मग हिरडा. समुद्र निळा राहील, माणसं आणि जाळं काळं.

आणि त्याहून पुढचं, हे आत्ताच करून आले. गिलाव्याचा ताजा तुकडा पाण्याने ओला केला, त्यावर एक रद्द छाप पालथा ठेवून वर काच आणि दोन चिरे ठेवले, पंधरा मिनिटांनी उचलला. थापीचे फटकारे जसेच्या तसे पिवळ्यात उमटलेत, वाळूचे कणसुद्धा! म्हणजे चित्र गिलाव्यावर चिकटवायची गरजच नाही, गिलावाच कागदावर येतोय. तेव्हा अ‍ॅक्रिलिक रद्द. सहा फळ्या गणपतीपर्यंत माळ्यावर मुरत ठेवते, दर पंधरा दिवसांनी हळद लावून बघेन, आणि सिरीज आता कागदावर.

निवळी डोळ्यात उडू देऊ नका, हातमोजे घाला, माझ्या बोटांची सालं निघाली आहेत.

ढग यायला लागलेत, ऊन आता पाऊस लागेपर्यंतच. एक जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा तात्यांच्या पोरांची जाळी दुरुस्तीला खळ्यात येतील, त्यांचे फोटो मला याच पद्धतीने करायचेत. पालथा ठेवलेला तो छाप काढ्यात आहे, फटकाऱ्यांच्या जागी काळा यायला सुरुवात झालीये, बघून येते.