आजीच्या ओव्या, ८० एमबी

आज दुपार आजीच्या ओव्यांत गेली. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात मोबाईलवर घेतलेला सात मिनिटांचा व्हिडिओ. चित्रात बघण्यासारखं काही नाही, अर्धा वेळ नुसता ओटा दिसतो. मला हवा होता फक्त आवाज, तोही वेव्ह फाईलमध्ये (यात आवाज न दाबता, जसाच्या तसा साठवतात), म्हणजे खरखर काढताना पुन्हा पुन्हा सेव्ह केलं तरी तो आणखी खराब होणार नाही.

आधी फॅमिली ग्रुपवरची कॉपी घेतली. आवाज डब्यातून आल्यासारखा. मग मामेभावाकडून मूळ फाईल केबलने आणली आणि एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रॅमला एका ओळीत सांगितलं: चित्र सोड, आवाज १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ. दहा सेकंदांत काम झालं! फाईल मात्र ८० एमबीची. मिनिटाला साडेअकरा एमबी, हिशोब बरोबर आहे. फोनने रेकॉर्ड करतानाच एएसीत (आवाज दाबून फाईल लहान करणारा फॉरमॅट) जे गाळलं ते वेव्ह करून परत येत नाही, हेही खरं.

हेडफोन लावून ऐकलं. चौथ्या मिनिटाला कुकरची शिट्टी होते, आजी ओवी अर्धवट सोडून म्हणते, "गॅस बारीक कर गं." ती शिट्टी कापायला घेतली होती. राहू दिली.