प्रभावळ

सिंहगडावर गेलो होतो सोनकी बघायला. कोजागरी तोंडावर आलेली, म्हणजे सोनकीचा बहर ओसरलेलाच असणार. पण भाच्यानं नवा कॅमेरा घेतल्यापासून आमच्या प्रत्येक रविवारला काहीतरी निमित्त लागतं. आतकरवाडीतून अंधारातच चढायला लागलो. वर पोचलो तर फुलं सोडाच, चार पावलांवरचा दगड दिसेना. नुसतं धुकं. भाचा हिरमुसला. कुठल्या टपरीवर कांदाभजी आधी निघतील, याचा मी अंदाज घ्यायला लागलो.

बायको म्हणाली, "आलोय तर तानाजी कड्यापर्यंत जाऊन येऊ."

तिथं उभे होतो आणि पाठीमागून ऊन आलं. कड्याखाली धुकं तापत्या दुधासारखं फुगून अगदी काठापर्यंत आलेलं. त्यावर आमच्या लांबुडक्या सावल्या पडल्या आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं एक गोल कडं उमटलं. आतून निळसर, बाहेरून तांबूस. देव्हाऱ्यातल्या मूर्तीमागे असते ना, तशी प्रभावळ. मी मान तिरकी केली, तर तीही सरकली.

"अगं, माझ्या डोक्याभोवती बघ!"

"तुमच्या कुठे? माझ्या डोक्याभोवती आहे. तुमची तर नुसती सावली दिसतेय."

"मामा, दोघांचीही नुसतीच आहे," भाचा पलीकडून म्हणाला. "गोल माझ्याभोवती आहे."

गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत होतो. हे इंद्रवज्र. सूर्य पाठीशी, धुकं समोर. धुक्यातले बारीक थेंब उजेडाला आल्या वाटेनं माघारी धाडतात, त्यामुळे प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती. शेजाऱ्याची प्रभावळ दिसायची सोयच नाही. इंद्रधनुष्य कसं ऐसपैस, ४२ अंशांवर पसरलेलं. हे जेमतेम काही अंशांचं. आपल्याकडे त्यासाठी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा प्रसिद्ध. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथल्या गोल इंद्रधनुष्याबद्दल लिहिलेलं १८३५ साली छापून आलं होतं. जगात मात्र हे दृश्य जर्मनीतल्या ब्रॉकेन डोंगराच्या नावानं ओळखतात. त्याची उंची ११४१ मीटर. आपला सिंहगड साधारण १३००. पुणेकर म्हणून एवढं नोंदवून ठेवतो.

सगळा प्रकार पाचेक मिनिटांचा. त्यातली दोन मिनिटं आमची हुज्जत, एक मिनिट माझ्या मोबाइलचा लॉक उघडण्यात. मग रेलिंगवरून उजवा हात लांब करून दोन फोटो काढले. धुकं उसवलं, खालची भातखाचरं दिसायला लागली आणि आम्ही भज्यांकडे वळलो. सोनकी मिळाली उतरताना, वाटेच्या कडेला, मलूल.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. माझ्या सावलीचं डोकं साधंच, काळं. प्रभावळ होती उजव्या हाताच्या टोकाला. मोबाइलला! खरं तर चूक कुणाचीच नाही. फोटोत बघणारा डोळा त्याचा, तेव्हा कडंही त्याचंच. भाच्याच्या साठ-सत्तर फोटोंतही कडं बरोब्बर कॅमेऱ्यावर बसलेलं.

बायकोनं फोटो काढलाच नव्हता, म्हणजे तिच्या बाजूनं पुरावा शून्य. हे तिला सांगून पाहिलं.

"मला दिसलं ना," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.