एज बँडिंग: आठ शटर आणि एकवीस दिवस

स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या आठ शटरांच्या, म्हणजे दारांच्या, कडांना प्लॅस्टिकची पट्टी बसवून घेण्यासाठी मला एकवीस दिवस लागले. कारखान्यात हे काम ‘परवा घेऊन जा’ एवढ्या शब्दांत स्वीकारले गेले होते. वाया गेलेल्या दिवसांबद्दल आता फारसे काही वाटत नाही. मात्र त्यांतले सात दिवस दोन व्यावसायिकांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात गेले, आणि बिघाडाचे कारण बोर्डाच्या कडेवर स्पष्ट उमटलेले असताना दोघांपैकी एकानेही ते वाकून पाहिले नाही, याची चीड अजून गेलेली नाही.

आमचे घर जुळे सोलापूरमध्ये आहे. नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी पिंपे, हंडे, बादल्या भरताना स्वयंपाकघराची फरशी ओली झाल्याशिवाय राहत नाही. ओट्याखालची आमची जुनी कपाटे याच पाण्याने गेली. ती करताना मिस्त्रींनी समोरून दिसणाऱ्या कडांना पट्टी लावली होती, पण शटरांच्या खालच्या कडा कोणाला दिसत नाहीत म्हणून तशाच उघड्या सोडल्या होत्या. पार्टिकल बोर्ड हा लाकडाचा चुरा आणि चिपा राळेत दाबून केलेला असतो. त्याची वरची व खालची बाजू लॅमिनेटने बंद असते, परंतु कापलेली कड उघडी असते आणि पाणी तिथूनच आत शिरते. एकदा फुगलेला बोर्ड वाळल्यावर पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. सिंकखालचे शटर खालच्या बाजूने इतके फुगले होते की ते बंदच होत नव्हते, आणि फुगलेल्या ठिकाणचे लॅमिनेट पापडासारखे सुटत होते. म्हणून या वेळी मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले की प्रत्येक शटरच्या चारही कडांना पट्टी लागेल, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या, दोन्हींना.

बोर्ड, रंग, कापणी हे सारे सुरळीत पार पडले. आमचे मिस्त्री मूळचे शहराच्या पूर्व भागातले, तेलुगू घरातले, आणि हाताने अतिशय नेटके काम करणारे आहेत. त्यांच्या सल्ल्याने कपाटाच्या आतल्या फळ्यांना ०.८ एमएमची आणि शटरांना २ एमएमची पीव्हीसी पट्टी घ्यायची ठरली, कारण शटरच्या कडेवर भांडे आपटते, नख लागते, आणि जाड पट्टीचा कोपरा गोलसर घासून घेता येतो. बोर्ड १८ एमएमचा असला तरी पट्टी २२ एमएम रुंदीची घ्यावी लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना थोडी जास्त राहते आणि ती नंतर बोर्डाच्या पातळीला आणता येते. फळ्यांच्या पट्ट्या मिस्त्रींनी घरीच हाताने लावल्या. शटरांचे काम मात्र यंत्रावर व्हावे असा माझा आग्रह होता, कारण आमच्या स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी आहे आणि एप्रिल-मेच्या दुपारी तिथले कपाट हाताला चटका देते. जुन्या कपाटांवर हाताने लावलेली पट्टी अशाच उन्हाळ्यात कोपऱ्यांतून सुटू लागली होती.

८ जानेवारीला आठही शटर टेंपोतून एमआयडीसीमधल्या एका कारखान्यात पोहोचवली. तिथे एज बँडिंगचे यंत्र आहे आणि रनिंग फुटाच्या दराने जॉब वर्क करून मिळते. ‘परवा’ची पुढे ‘संक्रांतीनंतर’ झाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या आणि अक्षता सोहळ्याच्या दिवशी सोलापुरात कोणी कामावर असेल अशी अपेक्षा सोलापूरकराने करू नये. मी स्वतः त्या दिवशी संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत अक्षता हातात घेऊन उभी होते. यात्रेनंतर मात्र रोज ‘उद्या फोन करा’ हे एकच उत्तर मिळत राहिले. एकाच रंगाची आणि एकाच जाडीची कामे साठली की ती एकदम यंत्रावर घेतात, असे पुढे कळले. ही पद्धत व्यवसायाच्या दृष्टीने योग्य असेलही, पण ती पहिल्याच दिवशी सांगितली असती तर मी माझ्या रजेचे दिवस वेगळे ठरवले असते.

२० जानेवारीला शटर घरी आली. दिसायला सुरेख होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बिजागऱ्यांची भोके पाडण्यासाठी मिस्त्रींनी पहिले शटर उलटे केले, तेव्हा त्यांच्या अंगठ्याचा दाब लागून पट्टीचे टोक उचलले गेले. त्यांनी ते धरून हलकेच ओढले, आणि दोन फूट पट्टी एका दमात सरळ निघून आली. आम्ही आठही शटर तपासली. पाचांची पट्टी नखाने निघत होती, तर तिघांची पकडीने ओढूनही निघेना.

इथून सात दिवसांचा तो प्रवास सुरू झाला. कारखान्याच्या मालकांनी निघालेली पट्टी हातात घेतली आणि सांगितले, ‘मॅडम, पट्टीच खराब आहे, पाठीला प्रायमर नाही.’ पीव्हीसीवर गोंद धरावा म्हणून पट्टीच्या पाठीला पट्टी बनवणाऱ्या कारखान्यातच एक पातळ लेप दिलेला असतो, त्याला प्रायमर म्हणतात आणि तो नसेल तर पट्टी सुटते, हे खरे आहे. मी ती पट्टी घेऊन जिथून गुंडाळी विकत घेतली होती त्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी शांतपणे सांगितले, ‘ताई, हाच माल आम्ही सगळ्यांना देतो, त्यांच्या मशीनचं टेंपरेचर बघायला सांगा.’ मी पुन्हा एमआयडीसीत गेले. तिथे उत्तर मिळाले की सोलापूरसारख्या गरम गावात टेंपरेचरचा प्रश्न येत नाही. पुन्हा दुकान. पुन्हा कारखाना. दोघेही माझ्याशी आदराने बोलत होते, पण शटर पाहायला कोणी तयार नव्हते. दोघांच्याही हातात मी फक्त पट्टीचा तुकडा देत होते, ही चूक माझ्याही लक्षात आली नव्हती.

चौथ्या फेरीनंतर घरी आल्यावर मी पाच शटर एका ओळीत आणि तीन दुसऱ्या ओळीत भिंतीला लावून ठेवली. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की आठही शटरांना एकाच गुंडाळीतली पट्टी लावलेली होती. प्रायमर नसता तर ती तीन शटरही टिकली नसती. दुसरी गोष्ट उघड्या पडलेल्या कडेवर होती. सगळा गोंद बोर्डाला चिकटलेला होता आणि पट्टीची पाठ जवळजवळ कोरी होती. त्या गोंदावर बारीक, एकसारखी जाळी उमटलेली होती, जणू चाळणी दाबून काढावी तशी. तिचा अर्थ मला कळेना. मग एक शटर रिक्षात घालून मी अक्कलकोट रोडवरच्या दुसऱ्या एका कारखान्यात गेले. तिथल्या वयस्क कारागिरांनी ते उजेडाकडे धरले आणि क्षणभरही न थांबता सांगितले की ही गोंद लावणाऱ्या रोलरची जाळी आहे.

त्यांनी जे समजावले ते इथे सविस्तर लिहिते, कारण माझे सात दिवस या माहितीच्या अभावी गेले. यंत्रात गोंदाचे दाणे भांड्यात वितळवतात. नेहमी वापरला जाणारा ईव्हीए गोंद साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला काम करतो. खाचा असलेला रोलर हा गरम गोंद बोर्डाच्या कडेला लावतो, लगेच पट्टी त्यावर येते आणि दाब देणारे रोलर ती घट्ट बसवतात. गोंद पुरेसा गरम असेल आणि दाब योग्य असेल, तर खाचांची जाळी त्या दाबाखाली पसरून नाहीशी होते. जाळी शाबूत राहिली याचा अर्थ पट्टी येण्यापूर्वीच गोंद थिजला होता, किंवा दाब कमी पडला होता. पट्टीला प्रायमर नसता तर गोंद दाबला जाऊन गुळगुळीत झाला असता आणि मग सुटला असता. याउलट गोंद पट्टीबरोबर निघून आला असता आणि बोर्डाची कड कोरी राहिली असती, तर कडेवरची धूळ किंवा बोर्डाचा गारठा यांचा संशय घ्यायचा. आणि ओढल्यावर गोंदाबरोबर बोर्डाचे कणही उपटून आले, तर जोड उत्तम आहे असे समजायचे.

ते शटर आणि मोबाइलवर काढलेले जाळीचे फोटो घेऊन मी पुन्हा पहिल्या कारखान्यात गेले आणि या वेळी मालकांऐवजी यंत्र चालवणाऱ्या मुलाला विचारले की त्या सकाळी काय झाले होते. त्याने काहीही न लपवता सांगितले. पहिली तीन शटर झाल्यावर लाईट गेली. तासाभराने आली तेव्हा भांडे गार पडले होते. ते जुने यंत्र गोंद पुरेसा तापला नसला तरी सरकत्या बेल्टवरचा बोर्ड पुढे ओढते, आणि मागे दुसऱ्याचे काम उभे होते, म्हणून त्याने उरलेली पाच घाईने काढली. शिवाय आदल्या रात्री माझी शटर उघड्या शेडमध्ये होती. सोलापूर गरम गाव आहे, पण जानेवारीच्या पहाटेचे नाही. गार बोर्डाला लागलेला कोमट गोंद पट्टी येईपर्यंत थिजणारच. मालकांनी हे सर्व ऐकून घेतले, वाद घातला नाही आणि दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, हे इथे नमूद केलेच पाहिजे.

मालकांनी प्रथम हीट गन फिरवून तोच गोंद पुन्हा वितळवण्याचा पर्याय सुचवला होता. मी तो नाकारला, कारण २ एमएम जाडीच्या पट्टीतून आतपर्यंत उष्णता पोहोचण्याआधी पट्टी वरून मऊ पडून तिचा आकार बिघडण्याची भीती असते. जुन्या थिजलेल्या गोंदावर नवी पट्टीही लावता येत नाही. कड कापून कोरी करावी लागते. इथे आमची एक जुनी चूक उघडी पडली. शटर कापताना आम्ही पट्टीची जाडी वजा केलीच नव्हती. दोन्ही बाजूंना २ एमएम पट्टी लागली की शटर ४ एमएमने वाढते, आणि दोन शटरांमध्ये आम्ही एकूण ३ एमएमचीच फट धरली होती. म्हणजे पट्टी घट्ट बसली असती तरी ही शटर कपाटात मावली नसती. त्यामुळे टिकलेल्या तिघांच्याही कडा कापून आठही शटर प्रत्येक बाजूने २ एमएमने लहान करून घेतली. ०.८ एमएमच्या पट्टीला ही वजाबाकी अनेकजण सोडून देतात, पण जाड पट्टीला ती कापणीच्या यादीतच लिहिलेली असावी.

२९ जानेवारीला मी यंत्राशेजारी उभी राहिले. भांड्याचा आकडा १९० वर पोहोचून स्थिर होईपर्यंत अर्धा तास लागला. शटर सकाळपासून उन्हात नव्हे, पण आत उबदार जागी ठेवायला सांगितली होती आणि कडा ब्रशने झाडून घेतल्या होत्या. आधी एक टाकाऊ तुकडा यंत्रातून काढला, तो पूर्ण गार झाल्यावर पकडीने ओढला, आणि पट्टीबरोबर बोर्डाचे कण उपटून आले तेव्हाच शटर पुढे दिली. गोंद लावताना आधी दोन आखूड बाजू आणि मग दोन लांब बाजू घेतल्या, म्हणजे लांब कडेवर कोपऱ्यातला जोड दिसत नाही. प्रत्येक शटर टेंपोत चढण्यापूर्वी मी त्याच्या चारही कडांवर नख फिरवून पाहिले. हे पहिल्या वेळी करायला हवे होते.

कपाटाच्या तळाशी लावायच्या अरुंद पाट्यांचे सांगायचे राहिले. फार लहान किंवा अरुंद तुकडा यंत्र नीट धरत नाही, म्हणून रुंद फळीला आधी पट्टी लावून मग त्यातून पाटी चिरून घ्यावी. हाताने पट्टी लावणाऱ्यांसाठी मिस्त्रींचे नियम असे आहेत. पांढरा फेविकॉल पीव्हीसीला धरत नाही, त्यासाठी रबर जातीचा, म्हणजे फेविकॉल एसआरसारखा गोंद लागतो. तो दोन्ही बाजूंना लावायचा, बोर्डाची कड पहिला हात शोषून घेते म्हणून तिला दुसरा हात द्यायचा, आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मगच पट्टी दाबायची. ओल्या गोंदावर दाबलेली पट्टी गोंदाची वाफ आत अडकल्यामुळे फुगते. कानस नेहमी पट्टीकडून बोर्डाच्या दिशेने ढकलायची, उलट ओढली तर पट्टी उचलली जाते. सांडलेला गोंद पुसायला थिनर वापरू नये, कारण तो पीव्हीसीची चकाकी खातो. वाळलेला गोंद बोटाने चोळून गोळ्यांच्या रूपात काढता येतो.

शटर बसली, बिजागऱ्या जुळल्या. मिस्त्री निघताना मी सिंकखालच्या खोक्यात हात घातला, तेव्हा पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कड उघडीच सापडली. तिथे पट्टी लागत नाही, म्हणून ती झाडून, कोरडी करून सिलिकॉनने भरून घेतली आणि पुढचा संपूर्ण दिवस सिंक वापरला नाही.